बारा आठवड्यांचा संशय

कुरुविळाला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी कल्लरक्कल घराण्यानं सकाळी त्याच्या थडग्यावर फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याच्या सुनेची अब्रू काढायला घेतली.

हे आपोआप घडलं नव्हतं. कुरुविळाची बायको त्रेस्याम्मा हिनंच आठवडाभर आधी फोन करून सगळ्यांना बोलावलं होतं. "चर्चमध्ये वर्षाची मिस्सा आहे, या," असं ती सगळ्यांना म्हणाली. दोघांना मात्र पुढे म्हणाली, "आणि थोडं बोलायचंही आहे." केरळातल्या त्या पाला गावात कुणी आनंदाची बातमी द्यायला 'थोडं बोलायचं आहे' म्हणत नाही. त्या दोघांपैकी एक तिचा धाकटा दीर, फादर मात्यू, म्हणजे सगळ्यांचे मात्यू अच्चन. दुसरे सुनेचे वडील, निवृत्त हेडमास्तर चाक्को सार.

झालं होतं असं. त्रेस्याम्माचा एकुलता मुलगा जोबी आणि सून लिंटा यांच्या लग्नाला सहा वर्षं होत आली होती. तेवढ्यात लिंटाची तीन गरोदरपणं अर्ध्यावर राहिली. दोन तिसऱ्या महिन्यात गेली, एक पाचव्यात. नलिनी डॉक्टरीण म्हणाली, "चौथ्याचा विचार करण्याआधी सगळं रक्त तपासू." त्या सगळ्यात एक साधी चाचणी होती, व्हीडीआरएल नावाची. प्रत्येक गरोदर बाईची करतात. सिफिलिस तर नाही ना, हे बघायला.

रिपोर्ट जोबीच्या फोनवर आला. मुलाचा फोन वाचण्याची त्रेस्याम्माला सवय नव्हती. ती फक्त पाऊस येणार का ते बघायला गेली, जानेवारीत. तिथे 'रिॲक्टिव्ह' असा एक शब्द ठळक अक्षरांत होता. त्याचा अर्थ तिला कळेना, म्हणून तिनं मात्यू अच्चनना विचारलं. अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता, पण तीस वर्षं धर्मगुरूंच्या सेमिनरीत शिकवल्यामुळे ठाऊक नसण्याची त्यांना कधी अडचण होत नसे. त्यांनी शोधून काढलं, तासाभरानं परत फोन केला आणि आवाज खाली आणून वहिनीला म्हणाले, "चेडत्ती, दार लावून घ्या आधी."

तर आता टेबलावर माशाची लाल आमटी होती, खोबऱ्याचे तुकडे घातलेलं सुकं बीफ होतं, ताकाची कढी होती, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला फोन होता. फोनमध्ये त्रेस्याम्माची मुलगी ग्रेसी होती. आयर्लंडमध्ये नर्स. रात्रपाळी करून नुकतीच घरी आली होती आणि कोट न काढताच चहा पीत होती.

"प्रश्न नाजूक आहे," मात्यू अच्चननी सुरुवात केली. "म्हणून आपण प्रेमानं बोलू. लिंटा मोळे, पोरी, तुला जो रोग निघालाय, तो हवेतून येत नाही."

"हो अच्चन," लिंटा म्हणाली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. वर्गात मुलगा चुकीचं उत्तर देत असला तरी त्याला पूर्ण बोलू द्यायची तिची पद्धत होती.

"म्हणजे तो कुणीतरी आणलेला असणार."

सगळ्यांच्या नजरा आधी जोबीकडे वळल्या. लग्नाआधी तो चार वर्षं मस्कतला होता, आणि मस्कतला पुरुष एकटे राहतात हे पालात सगळ्यांना माहीत होतं. गेले आठ दिवस त्रेस्याम्माला याचीच धास्ती होती. मुलाचं नाव निघालं तर काय करायचं, हे तिनं ठरवलंच नव्हतं.

जोबीनं ठरवलं होतं. त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माशाच्या भांड्याशेजारी ठेवला.

"मी माझी करून घेतली चाचणी. निगेटिव्ह. कोट्टयमला जाऊन केली, इथल्या लॅबमध्ये गावभर होतं म्हणून."

त्रेस्याम्मानं देवाचे आभार मानले. ते इतके मनापासून मानले की त्या कागदाचा दुसरा अर्थ काय होतो, हे लक्षात यायला तिला घासभर वेळ लागला. बाकीच्यांना तेवढाही लागला नाही.

"मग बंगलोर," मात्यू अच्चन हळूच म्हणाले. लिंटा दोन वर्षं बंगलोरला एमएस्सी करत होती. "हॉस्टेल होतं ना?"

"हो. नन्सचं," लिंटा म्हणाली.

"नन्सना सगळं दिसत नाही मोळे."

"हे तुम्हाला चांगलं माहीत असणार, अच्चन."

फोनमधून ग्रेसीला ठसका लागला. त्रेस्याम्मानं जोबीकडे पाहिलं. तो बायकोकडे बघत नव्हता. भात कालवत होता, कालवून झालेला भात पुन्हा कालवत होता. तिला एकदम कुरुविळा आठवला. तोही असाच कालवायचा, घरात काही बोलायची वेळ आली की.

आणि चाक्को सार? मुलीवर असा आळ येतोय म्हटल्यावर एखाद्या बापानं ताट सारलं असतं, निदान चष्मा तरी काढला असता. चाक्को सारांनी माशाचा दुसरा तुकडा वाढून घेतला.

"सार, तुम्ही काहीच बोलत नाही," त्रेस्याम्मा न राहवून म्हणाली.

"तुमचं होऊ द्या," सार म्हणाले. "आमटी झकास झालीय. आंबटाला घातलीय ती कुडमपुळी घरची का?"

"अम्मच्ची," फोनमधून ग्रेसी आईवर ओरडली, "कुणी दुसरी चाचणी केली का? टीपीएचए? व्हीडीआरएल एकटी काही सिद्ध करत नाही, किती वेळा सांगू! तुम्ही फोन उचलताच कुठे?"

आठ दिवस त्रेस्याम्मानं खरंच तिचा फोन उचलला नव्हता. ग्रेसी नर्स होती, आणि त्रेस्याम्माला नर्स नको होती. तिला सल्ला हवा होता.

"केली," लिंटा म्हणाली. पर्स उघडून तिनं तीन कागद काढले आणि जोबीच्या कागदाशेजारी नीट रांगेत मांडले. "ती निगेटिव्ह आहे. मला सिफिलिस नाही. कधी नव्हता."

जोबीनं एक कागद जवळ ओढला.

"मग हे रिॲक्टिव्ह?" जोबी म्हणाला.

"ती चाचणी जंतू शोधतच नाही. सिफिलिस झालेल्याच्या रक्तात ज्या अँटिबॉडी सापडतात, तसल्या आहेत का, एवढंच बघते. त्यासाठी रक्तात एक चरबी मिसळतात. कार्डिओलिपिन. मूळची ती बैलाच्या काळजातून काढलेली. माझ्या रक्तातल्या अँटिबॉडी त्या चरबीला धरतात. लॅबला वाटतं, रोग सापडला."

बीफचा घास उचललेला मात्यू अच्चनचा हात मध्येच थांबला. "बैलाच्या काळजातून?"

"म्हणजे हे बीफ खाऊन होतं?" जोबीनं विचारलं.

"खाऊन होत असतं तर पालात माणूस उरला नसता," लिंटा म्हणाली. "माझ्या शरीराला आपलं कोण आणि परकं कोण हे कळेनासं झालंय. आपल्याच रक्तातल्या गोष्टींवर ते उठतं, आणि मग नको तिथे गुठळ्या होतात. बाळाला रक्त पोचवणाऱ्या वारेतसुद्धा. नलिनी डॉक्टर म्हणतात, आपली तीन बाळं बहुधा त्यानं गेली."

'आपली' हा शब्द तिनं जोबीकडे बघून उच्चारला.

तिसऱ्या कागदावर आणखी तीन चाचण्यांची नावं होती. तिन्ही या अँटिबॉडींच्याच. ग्रेसीनं कागद फोनसमोर धरायला लावला, डोळे बारीक करून वाचला आणि म्हणाली, "तिन्ही पॉझिटिव्ह. अगं लिंटा! यातली ही एक चाचणी बघा हं अच्चन, हिच्या नावात लूपस हा रोग आहे आणि रक्त न गोठणं आहे, पण लिंटाला लूपस नाही आणि तिचं रक्त जास्तच गोठतं. काचेच्या नळीत उशिरा, अंगात लवकर."

"एकच काय ते सांग," मात्यू अच्चन वैतागले. "गोठतं की गोठत नाही?"

"ठरलेलं उत्तर आत्ता नाहीच मिळणार," लिंटा म्हणाली. "साध्या तापानंही या अँटिबॉडी थोडे दिवस वाढतात. म्हणून निदान बारा आठवडे थांबायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं. तेव्हाही सापडल्या, तरच म्हणायचं की हा आजार आहे."

मात्यू अच्चनच्या चेहऱ्यावर उजेड आला. बुडत्याला काडी सापडावी तसा.

"म्हणजे अजून काहीच सिद्ध नाही!"

"आजार सिद्ध नाही. तुम्ही म्हणालात ते खोटं आहे, हे मात्र सिद्ध आहे."

"दोन्ही एकदमच बघू ना," अच्चन म्हणाले. "बारा आठवडे काय, असे जातील. चर्चसुद्धा कुणाला संत म्हणायला घाई करत नाही. तोवर कुणी कुणाची माफी वगैरे मागायला नको, आणि बाहेर विचारलंच कुणी तर थायरॉइड म्हणायचं."

यावर जोबीनं मान हलवली. आश्चर्य म्हणजे त्रेस्याम्मानंही हलवली. थायरॉइड हा फार सोयीचा रोग होता. पालात तो प्रत्येक घरात एक तरी होता, आणि त्यात कुणाचा दोष नसायचा.

"हे कागद तुझ्याकडे कधीपासून आहेत?" जोबीनं विचारलं.

"गुरुवारपासून."

"मग आल्या आल्या का नाही दाखवलेस?"

"मला बघायचं होतं," लिंटा म्हणाली, "तुम्ही कुठवर जाता ते. तुझा कागद माझ्या आधी बाहेर निघाला, जोबी. आणि तो काढताना तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस."

चाक्को सारांनी हात धुतले, रुमालानं बोटं एकेक करून पुसली आणि उभे राहिले. "चला मोळे," ते म्हणाले, "घरी. चंगनाशेरीची बस तीनला आहे." दारापर्यंत जाऊन ते त्रेस्याम्माकडे वळले. "चाळीस वर्षं मास्तरकी केली मी. नापास करण्याआधी पेपर दोनदा तपासायचो."

*

बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. त्यातले चाळीसएक ईस्टरआधीच्या पन्नास दिवसांच्या उपासात गेले. मांस नाही, मासे नाहीत, आणि कल्लरक्कल घरात बोलणंही नाही. जोबी दुकानातून आला की टीव्ही लावायचा. दर रविवारी तो चंगनाशेरीला जायचा. सार त्याला व्हरांड्यात बसवून चहा द्यायचे, वर्तमानपत्र वाचायला द्यायचे, आणि लिंटा कामात आहे म्हणून सांगायचे. सहाव्या रविवारी तो त्रेस्याम्माला म्हणाला, "अम्मच्ची, त्यांच्याकडचं वर्तमानपत्र मला पाठ झालं."

ग्रेसी आता उघडपणे लिंटाच्या बाजूला गेली होती. "भावाला सांग," ती फोनवर म्हणायची, "की त्याचा निगेटिव्ह रिपोर्ट फ्रेम करून लावावा दिवाणखान्यात. कर्तबगारी म्हणून तेवढंच आहे." मात्यू अच्चन मात्र आशा धरून होते. दुसरी चाचणी निगेटिव्ह आली तर सगळंच प्रकरण ताप होता, आणि तापावर कुणी माफी मागत नाही. रक्त द्यायची तारीख जवळ आली तशी त्यांनी त्रेस्याम्माला गळ घातली, "चेडत्ती, तुम्ही जा बरोबर. नाहीतर कोणता कागद आणतील, काय सांगावं."

म्हणून त्रेस्याम्मा नलिनी डॉक्टरणीच्या कोट्टयमच्या दवाखान्यात पाळत ठेवायला गेली. बरोबर केळ्याचे वेफर्स घेऊन गेली, कारण रिकाम्या हातानं पाळतीला जाणंही बरं दिसत नाही. लिंटानं तिला पाहिलं, एक खुर्ची सरकून बसली आणि जागा करून दिली.

नलिनी डॉक्टरीण पन्नाशीची होती. बोलता बोलता लिहायची. "मधे ताप? सर्दी? कुठलं इन्फेक्शन?"

"नाही."

"चांगलं. म्हणजे जे येईल ते खरं मानता येईल. तिसऱ्या खेपेला किती आठवडे झाले होते?"

"एकवीस," लिंटा म्हणाली. "मुलगी होती."

"पाहिलंत तिला?"

"नाही. बघू नकोस म्हणाले घरचे."

घरचे म्हणजे त्रेस्याम्मा. तिनंच दारात उभं राहून नर्सला खूण केली होती की घेऊन जा. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण दया करतोय. तिच्यावरही कुणीतरी अशीच दया केली होती.

"माझी दोन गेली," त्रेस्याम्मा म्हणाली.

डॉक्टरणीचं पेन थांबलं. लिंटानं मान वळवली. सर्वांत जास्त दचकली ती त्रेस्याम्मा स्वतः. आवाज आपलाच आहे हे कळायला तिला क्षण लागला.

"ग्रेसीनंतर. जोबीच्या आधी. एक चौथ्यात, एक सहाव्यात. सासू म्हणाली, बाहेर बोलायचं नाही, तुझ्यातच खोट आहे म्हणतील. नाही बोलले. ग्रेसीलाही माहीत नाही." तिनं वेफर्सची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कुरुविळानं दोन रात्री रबराच्या बागेत काढल्या. परत आला तो जेवायलाच बसला. कधी विषय काढला नाही."

"अम्मच्ची," लिंटा म्हणाली.

"डॉक्टर, माझ्यातही हेच होतं का?"

"आता कसं सांगू?" नलिनीबाई म्हणाल्या. "कारणं पुष्कळ असतात. आज तुमचं रक्त घेतलं आणि काही निघालं, तरी तेव्हा होतं की नव्हतं हे कळायचं नाही. घ्यायचं का?"

त्रेस्याम्मानं थोडा विचार केला. "नको. दाखवू कुणाला? दोष देणारी तर गेली."

रक्त घेऊन झाल्यावर लिंटानं कोपराच्या आत कापूस दाबून धरला. जिना उतरताना दोघी एकेक वेफर खात होत्या. "सासूच्या जागी मी असते तर वेगळी वागले असते, असं मला वाटायचं," त्रेस्याम्मा म्हणाली.

"आणि?"

"जागा मिळाली, आणि तशीच वागले."

लिंटानं तिची समजूत घातली नाही. खालच्या पायरीवर मात्र कोपर धरून तिला उतरवलं.

*

रिपोर्ट आठवड्यानं आला. तिन्ही अँटिबॉडी होत्या तिथेच होत्या. आजाराला आता नाव मिळालं, आणि नाव लांबलचक होतं. चौथ्या खेपेला पहिल्यापासून रोज एक बारीक गोळी आणि पोटात एक सुई घ्यायची, म्हणजे बाळ राहायची आशा बरीच वाढते, हमी नाही. आणि पुढेही स्वतःच्या पायाला सूज, छातीत कळ असं काही झालं तर घरी बसायचं नाही, असं डॉक्टरणीनं लिहून दिलं.

मात्यू अच्चन चोवीस तास गप्प होते. मग त्यांनी पवित्रा बदलला. ईस्टरआधीच्या आठवड्यात त्यांनी तीन घरांत सांगितलं की आमच्या सुनेला असा दुर्मीळ आजार आहे की निदान व्हायलाच बारा आठवडे लागतात. थायरॉइडवाल्या बायकांनी हळहळ व्यक्त केली, आणि त्यात थोडा मत्सरही होता. गंमत म्हणजे, लिंटा माहेरी गेल्यावर गावात जी कुजबुज झाली होती ती कुणी केली होती, हे आता कुणालाच आठवेना. अच्चननी चंगनाशेरीला निरोप धाडला: सगळं निभावलं, देवाची कृपा, लिंटानं ईस्टरच्या जेवणाला परत यावं.

लिंटाचा उलट निरोप आला. येते. पण जानेवारीत जे टेबलावर होते, तेच टेबलावर हवेत. आणि रिपोर्ट अच्चननी सर्वांसमोर वाचायचा.

"एवढंच ना!" अच्चन म्हणाले.

ईस्टरला पन्नास दिवसांची भूक टेबलावर उतरली होती. बदकाचा रस्सा, अप्पम, बीफ, वाफाळता भात. ग्रेसी या वेळी फोनमध्ये नव्हती, सुटी काढून खुर्चीत होती. चाक्को सार होते. जोबीनं नवा शर्ट घातला होता आणि बायकोसाठी शेजारची खुर्ची धरून तो दहा मिनिटं आधीच बसला होता. लिंटा आली, ती ग्रेसीच्या शेजारी बसली.

मात्यू अच्चननी चष्मा लावला आणि रिपोर्ट वाचला. लॅबचा पत्ता वाचला. तारीख वाचली. मग इंग्रजीतली ती नावं, आकडे, एकेकांची मर्यादा, सगळं त्यांनी मिस्सेतल्या सुरात वाचलं, आणि कागदाची घडी घालत म्हणाले, "थोडक्यात, सर्व ठीक आहे. देवाची स्तुती असो. अप्पम गार होतायत."

"नाही अच्चन," लिंटा म्हणाली. "जानेवारीत तुम्ही मलयाळममध्ये बोलला होतात."

अच्चननी कागद पुन्हा उघडला. जणू त्यात मलयाळम कुठेतरी असेल. "मोळे, अशा गोष्टी शब्दांत... भावना समजून घ्यायची असते."

"मला तर शब्द ऐकू आले होते."

सार आज जेवत नव्हते. त्रेस्याम्मानं टेबलाभोवती पाहिलं. दीर कागदाकडे बघत होता, मुलगा भाताकडे. आपण अजून दोन मिनिटं गप्प बसलो तर ही पोरगी उठेल, आणि घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकून जेवायला लागतील, हे तिला स्वच्छ दिसलं. या घरात सगळं असंच निभावत आलं होतं.

ती उठून उभी राहिली. मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, म्हणून आवाज जरा चिरका लागला.

"हिच्यात घाणेरडा रोग आहे असं आम्ही म्हणालो. हिच्या वडिलांना जेवायला बोलावून त्यांच्यासमोर म्हणालो. ते खोटं होतं. खोटं आहे हे त्याच दिवशी कळलं होतं, तरी बारा आठवडे आम्ही ते मागे घेतलं नाही. सभा मी बोलावली होती. मोळे, माझं चुकलं."

मात्यू अच्चननी घसा खाकरला आणि मग, दुसरा मार्गच नाही असं पाहून, हळूच म्हणाले, "माझंही."

लिंटानं मान हलवली. मग ती जोबीकडे बघत राहिली. बराच वेळ.

जोबीनं इकडेतिकडे पाहिलं. "अम्मच्ची बोललीच की सगळ्यांच्या वतीनं," तो पुटपुटला, आणि बदकाच्या तुकड्याकडे हात नेला.

त्रेस्याम्मानं त्याच्या पुढचं ताट उचललं. भरलेलं, तसंच. ते आपल्या छातीशी धरून ती उभी राहिली.

"मी माझं बोलले," ती म्हणाली. "तू आधी बोल. मग जेव."